बातमीला रविवार नसतो: ख्रिस्ती श्रद्धा आणि माध्यमांतली नोकरी एकत्र कशी चालते?

न्यूज चॅनल असो, वेब पोर्टल असो, एफएम रेडिओ असो की मालिकेचा सेट, रविवारी यांतलं काहीच बंद नसतं. उलट बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी माणसं कमी आणि काम जास्त असतं. ख्रिस्ती माणसासाठी मात्र रविवार हा उपासनेचा दिवस. मावळातल्या कामशेतसारख्या गावात राहून पुण्याच्या ऑफिसात काम करणाऱ्याचे लोकलच्या जाण्यायेण्यातच अडीच-तीन तास जातात. त्यात सकाळची शिफ्ट लागली, की प्रार्थना हुकलीच म्हणून समजा.

पण शिफ्टचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. खरे अवघड प्रश्न कामाच्या आत असतात. आपल्याच चर्चमधल्या गैरव्यवहाराची बातमी हाती आली तर काय करायचं? व्ह्यूजसाठी अर्धवट माहितीवर हेडलाईन चढवायला सांगितलं तर? आपल्या समाजाला नावं ठेवणारी स्क्रिप्ट समोर आली तर? आणि ऑफिसातल्या एकट्या ख्रिस्ती माणसाने प्रत्येक नाताळात सगळ्या समाजाचा प्रवक्ता व्हायचं का?

हे प्रश्न सोशल मीडियाच्या काळात जन्मलेले नाहीत. मराठी पत्रकारितेत ते पावणेदोनशेहून अधिक वर्षं विचारले जात आहेत. कुणी कुणी त्यांची काय उत्तरं दिली, त्यांना काय किंमत मोजावी लागली आणि आजच्या न्यूजरूममध्ये त्यातलं काय उपयोगी पडतं, ते पाहू.

मुळात महाराष्ट्रात ख्रिस्ती किती आहेत?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण एक टक्क्याहून किंचित कमी भरतं. देशात ते साधारण २.३ टक्के आहे.

मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), नाशिक, जालना, कोल्हापूर अशा भागांत हा समाज विखुरलेला आहे. वसईतले ख्रिस्ती घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, तर नगरकडचे नगरी मराठी. पडद्यावर मात्र ख्रिस्ती पात्र बहुतेक वेळा मोडकी हिंदी बोलणारं आणि हातात बाटली असलेलंच दिसत आलं. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी लोकांना फार आवडला, पण त्याचाही धंदा दारूच्या अड्ड्याचाच होता.

आकडा एवढा लहान असला, की बहुतेक लोकांना या समाजाची ओळख माध्यमांतूनच होते. त्यामुळे माध्यमात काम करणाऱ्या ख्रिस्ती माणसावर दोन्हीकडून दबाव येतो. घरचे, मंडळीतले लोक म्हणतात, "तू तिथे आहेस, तर आपली बाजू मांड." ऑफिस म्हणतं, "धर्म घरी ठेवून ये." दोघांचंही म्हणणं अर्धंच बरोबर आहे.

'ज्ञानोदय': प्रचारासाठी निघालेलं पत्र

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण'. ते ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं. त्यानंतर दहा वर्षांनी, जून १८४२ मध्ये अहमदनगरमधून 'ज्ञानोदय' सुरू झालं. ते अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचं पत्र होतं. मराठीतल्या सर्वांत दीर्घायुषी नियतकालिकांत त्याची गणना होते.

त्याचा हेतू उघड होता: ख्रिस्ती धर्माचा प्रसार. हिंदू चालीरीतींवर त्यात कडक टीका यायची आणि तिला तितकीच कडक उत्तरंही मिळायची. त्या काळात मिशनऱ्यांची पत्रं आणि त्यांचे विरोधक यांच्यात वादांच्या फैरी झडत होत्या. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले, ते याच वातावरणात. तेव्हा 'ज्ञानोदय'ला तटस्थ पत्रकारितेचा नमुना म्हणता येणार नाही.

पण याच पत्राने आणखी एक काम केलं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'ने १८५५ मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला. धर्मग्रंथ वाचायचीही ज्यांना मुभा नाही, त्यांचा धर्म नेमका कोणता, असा थेट सवाल त्या मुलीने केला होता. दलित स्त्रीच्या लेखणीतून आलेलं आणि छापून आलेलं हे अगदी सुरुवातीचं लेखन मानलं जातं.

मिशनऱ्यांनी तो का छापला? जातिव्यवस्थेवरची टीका त्यांच्या प्रचाराला पूरक होती, हे खरंच. पण तो निबंध आज आपल्या हातात आहे, कारण कुणीतरी त्याला पानावर जागा दिली. माध्यमात ही जागा कुणाला मिळते, हा आजही तितकाच मोठा प्रश्न आहे. ज्याला कुणी माईक देत नाही त्याच्यासमोर माईक धरणं, हे श्रद्धावान पत्रकाराला आपल्या धर्माने सांगितलेलं काम वाटू शकतं. धर्म न मानणाऱ्या पत्रकारालाही ते आपलंच काम वाटतं. दोघांची वाट इथे एकच होते.

१८९७: पंडिता रमाबाई आणि प्लेगचं पत्र

आता दुसरा, जास्त टोकदार प्रसंग. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे असतील तर?

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी 'शारदा सदन' काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, असा आरोप होऊन पुण्याच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. समाजातल्या अनेकांनी त्यांना परकं ठरवलं होतं.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. सरकारने घरांची झडती, सक्तीचं विलगीकरण आणि प्लेगची इस्पितळं असे उपाय सुरू केले. लोकांत प्रचंड संताप होता. त्याच वर्षी २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर 'केसरी'तल्या लेखनावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली.

याच काळात रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकाला पत्र लिहिलं. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची कशी हेळसांड होते आणि त्या कशा असुरक्षित आहेत, हे त्यांनी त्यात मांडलं. त्यांच्या संस्थेतल्या मुलींनाही या व्यवस्थेची झळ बसली होती. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचं म्हणणं खोटं ठरवलं. पण त्या मागे हटल्या नाहीत.

सरकार ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती आणि पत्र छापणारं साप्ताहिकही ख्रिस्ती. धर्माच्या नात्याने गप्प बसायला इथे सगळी सोय होती. शिवाय त्यांच्या संस्थेला मदत परदेशातल्या ख्रिस्ती देणगीदारांकडून यायची, म्हणजे बोलण्यात धोकाही होता. तरी त्या बोलल्या. श्रद्धा कशी जगावी याचं उत्तर त्यांनी प्रवचनातून दिलं नाही. ते आपल्या पाहण्यात आलेलं लिहून दिलं.

पुढे त्यांचं 'मुक्ती मिशन' पुणे जिल्ह्यातल्याच केडगावला उभं राहिलं. तिथे त्यांनी छापखाना चालवला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं स्त्रिया शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. 'मीडियात स्त्रिया' हा विषय निघाला, की या छापखान्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

इंद्रायणीकाठचा तुकाराम आणि नगरचे टिळक

लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी कामशेतवरून वाहत देहूला आणि मग आळंदीला जाते. मावळातल्या ख्रिस्ती घरांच्याही कानावर लहानपणापासून अभंग पडतात. अशा घरात वाढलेल्या मुलाला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच: आपला देव आपण कुठल्या भाषेत सांगायचा?

या प्रश्नाला मराठीत सगळ्यात ठाम उत्तर दिलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९). हे लोकमान्य नव्हेत, तर 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जाणारे टिळक. कोकणातल्या चित्पावन ब्राह्मण घराण्यातल्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडायची वेळ आली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर त्याही ख्रिस्ती झाल्या. हा सगळा प्रवास लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशा अर्थाचं टिळक सांगत. त्यांनी येशूवर अभंग लिहिले, कीर्तनं केली आणि ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. १९१२ पासून शेवटपर्यंत 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे होतं. गोऱ्या मिशनऱ्यांच्या पैशावर चालणाऱ्या पत्रात बसून भारतीय ख्रिस्ती माणसाने भारतीयच राहावं, आपल्या मंडळीचा कारभार आपण बघावा, असा विचार ते मांडत राहिले.

मग १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा आपला बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. मिशनशी त्यांनी भांडण केलं नाही, फक्त पगाराची दोरी कापली. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

आजच्या पत्रकाराला इथे ओळखीचं काय वाटेल? मालकाचा पैसा आणि स्वतःचं मत यांतली ओढाताण. टिळकांनी आतून काम केलं, जेवढं म्हणता येईल तेवढं म्हटलं आणि पुढची वाट स्वतःची काढली. शिवाय त्यांनी भाषा सोडली नाही. श्रद्धा बदलली म्हणून मराठी बदलायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

फादर दिब्रिटो: मासिकाचा संपादक रस्त्यावर उतरतो तेव्हा

आता आपल्या काळातलं उदाहरण. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईच्या नंदाखालचे कॅथलिक धर्मगुरू. १९७२ मध्ये त्यांची गुरुदीक्षा झाली. १९८० आणि ९०च्या दशकांत आणि त्यानंतरही ते वसईतून निघणाऱ्या 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे संपादक होते. चर्चच्या मासिकात सहसा सण, संत आणि धर्मग्रामाच्या बातम्या असतात. दिब्रिटोंनी त्यात साहित्य, पर्यावरण आणि समाजकारण आणलं.

त्याच सुमाराला वसईची हिरवी पट्टी बिल्डरांच्या नजरेत भरली होती. विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जात होतं आणि परिसरात गुंडांची दहशत होती. त्याविरोधात 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली आणि तिचं नेतृत्व करणाऱ्यांत दिब्रिटो होते. त्यांना धमक्या आल्या. त्यांनी लिहिणंही थांबवलं नाही आणि मोर्चेही.

इथे एक प्रामाणिक शंका येते. संपादकाने आंदोलनात उतरावं का? मुख्य प्रवाहातल्या बातमीदाराने तसं केलं तर त्याच्या बातमीवर शंका घेतली जाते आणि ती रास्त असते. 'सुवार्ता'ची गोष्ट वेगळी, कारण ते कुणाचं आहे, त्याची भूमिका काय, हे वाचकाला आधीपासून ठाऊक होतं. वाचकापासून काही लपवलेलं नव्हतं. बातमीदार आणि भूमिका घेणारा लेखक यांच्या कामात फरक आहे. आपण त्यांपैकी कोण, हे वाचकाला कळलं पाहिजे. गोंधळ होतो तो एकाची टोपी घालून दुसऱ्याचं काम केल्यावर.

दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. उस्मानाबादला (आताचं धाराशिव) जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड जाहीर होताच काही संघटनांनी विरोध केला आणि साहित्य महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमकीचे फोन गेले. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाला मराठीच्या व्यासपीठावर बसण्यासाठी धर्माचा हिशेब द्यावा लागला. तब्येत साथ देत नसतानाही ते संमेलनाला गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

चर्च माध्यमांबद्दल काय म्हणतं?

ख्रिस्ती म्हणजे एकच संस्था नव्हे. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, पेंटेकोस्टल, सिरियन अशा अनेक परंपरा आहेत आणि सगळ्यांना लागू होणारं एकच नियमपुस्तक नाही. मुळाशी असलेली गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी आहे. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला मनाई आहे. कॅथलिक मोजणीत ही आठवी आज्ञा, बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत नववी. खात्री न करता एखाद्याची बदनामी करणारी बातमी टाकणं, हे या आज्ञेच्या कक्षेत सरळसरळ येतं.

कॅथलिक चर्चने यावर बरंच लिहून ठेवलं आहे:

• ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने माध्यमांविषयी 'इंटर मिरिफिका' हा दस्तावेज मंजूर केला. समाजाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, हे त्यात मान्य केलं आहे.

• १९६७ पासून दरवर्षी 'जागतिक संपर्क दिन' पाळला जातो. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संदेशाचा विषय फेक न्यूज हा होता. बायबलमधल्या एदेन बागेतल्या सापाची गोष्ट त्यांनी पहिल्या फेक न्यूजचं उदाहरण म्हणून दिली होती.

• संत फ्रान्सिस द सेल्स हे पत्रकारांचे आश्रयदाते संत. १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना हा मान दिला. विरोधकांच्या गावात लोक ऐकायला येईनात, तेव्हा ते हाताने लिहिलेली आणि छापलेली पत्रकं वाटत. त्यांचा सण २४ जानेवारीला असतो.

• डच धर्मगुरू आणि पत्रकार टायटस ब्रँडस्मा यांनी नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये कॅथलिक वृत्तपत्रांच्या संपादकांना गाठून नाझी प्रचार आणि जाहिराती छापू नका असं सांगितलं. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि जुलै १९४२ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत त्यांना मारण्यात आलं. मे २०२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

ब्रँडस्मांचं उदाहरण नीट पाहिलं तर लक्षात येतं, की त्यांचा आग्रह धार्मिक मजकूर छापण्याचा नव्हता. काय छापायचं नाही, यासाठी त्यांनी जीव दिला.

आजच्या न्यूजरूममध्ये याचं काय करायचं?

आता रोजच्या कामाकडे येऊ. माध्यमांत नव्याने आलेल्यांना पडणारे काही प्रश्न आणि त्यांवरचे व्यवहारी मार्ग.

रविवारची शिफ्ट लागली तर? कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, चर्चच्या कायद्यातच तशी सोय आहे. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही संध्याकाळची उपासना असते. दुसरा जुना आणि चालणारा मार्ग म्हणजे अदलाबदल: दिवाळी, गणपती, ईदला तुम्ही शिफ्ट घ्या, गुड फ्रायडे आणि नाताळला सहकारी घेतील. हे आधीच, स्पष्ट आणि लेखी मागितलं तर बहुतेक डेस्क ऐकतात. ऐन वेळी आजारी पडून मिळवलेली सुटी मात्र श्रद्धेच्याही विरोधात जाते आणि सहकाऱ्यांच्याही.

बातमीत आपली श्रद्धा दिसावी का? बातमीत नाही. लेखात, नावानिशी लिहिलेल्या मतात चालेल. बातमीत दिसायला हवी ती मेहनत: दुसऱ्या बाजूला फोन केला का, नाव बरोबर लिहिलं का, आकडा तपासला का. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा न्यूजरूममध्ये अशीच पाळली जाते.

आपल्याच चर्चविरुद्धची बातमी असेल तर? अमेरिकेतल्या 'बॉस्टन ग्लोब'च्या 'स्पॉटलाइट' टीमने २००२ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंनी केलेलं मुलांचं लैंगिक शोषण आणि त्यावर घातलेलं पांघरूण उघड केलं. त्या टीममधल्या अनेक पत्रकारांचं बालपण कॅथलिक घरात गेलं होतं. बातम्यांना २००३ चा पुलित्झर मिळाला आणि जगभरातल्या चर्चला आपली घडी तपासावी लागली. अशी बातमी दाबल्याने चर्च वाचत नाही, पीडित मात्र एकटे पडतात. बातमीतल्या माणसांशी तुमचं जवळचं नातं असेल तर ते वरिष्ठांना सांगा आणि बातमी दुसऱ्याकडे सोपवा. यात कमीपणा नाही.

धर्मांतराच्या आरोपाची बातमी आली तर? हा आज सगळ्यात नाजूक विषय आहे. प्रार्थनासभेवर जमाव गेला, पोलीस आले, व्हिडिओ व्हायरल झाला, की हेडलाईन पाच मिनिटांत तयार होते. थांबून पाहायच्या गोष्टी साध्या आहेत: तक्रार दाखल झाली आहे का, कोणत्या कलमाखाली, तक्रारदार कोण, सभा घेणाऱ्यांचं म्हणणं काय, व्हिडिओ त्याच दिवसाचा आणि त्याच गावचा आहे का. 'आरोप' आणि 'सिद्ध झालं' यांतला फरक वाक्यात दिसला पाहिजे. धार्मिक तणावाच्या बातम्यांत संयम ठेवावा, असं प्रेस कौन्सिलचे पत्रकारितेचे निकषही सांगतात. ख्रिस्ती पत्रकाराने इथे आपल्या लोकांना झुकतं माप देऊ नये. पण पाद्र्याला फोन करायला कुणी विसरत असेल, तर तो फोन त्याने जरूर करावा.

स्क्रिप्टमध्ये आपल्या समाजाची टिंगल असेल तर? मनोरंजनाच्या क्षेत्रात हा प्रश्न वारंवार येतो. 'भावना दुखावल्या' एवढंच म्हटलं की चर्चा तिथेच संपते. 'हे पात्र खोटं वाटतं, वसईचा माणूस असं बोलत नाही, तो असं बोलतो' असं सांगितलं की लेखक ऐकतो, कारण त्याला चांगला सीन मिळतो. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे (पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं २९५ अ). पण ते दुष्ट हेतूने केलेल्या कृतीसाठी आहे. प्रत्येक फसलेल्या विनोदासाठी ते वापरायचं हत्यार नाही.

न पटणारी जाहिरात किंवा कंटेंट करावं लागलं तर? दारूची छुपी जाहिरात, सट्टेबाजीचं ॲप, पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेला मजकूर. इथे आधी दोन प्रश्न विचारा: हे फक्त मला आवडत नाही, की यातून वाचकाची फसवणूक होते? पहिलं असेल तर काम बदलून मागता येतं. दुसरं असेल तर नाही म्हणायला धर्माचा आधारही लागत नाही, पत्रकारितेचा पुरेसा आहे. फक्त नाही म्हणणाऱ्याला किंमत मोजावी लागू शकते. कंत्राटावर असलेल्या पंचविशीतल्या मुलाला 'नोकरी सोड' असं सांगणं सोपं असतं, त्याचं घरभाडं दुसरं कुणी भरत नाही. म्हणून अशा वेळी एकट्याने लढण्याआधी सहकारी, युनियन किंवा विश्वासू वरिष्ठ शोधणं शहाणपणाचं.

स्वतःच्या इन्स्टा-फेसबुकवर बायबलची वचनं टाकावीत का? टाकता येतात. श्रद्धा बाळगण्याचा आणि सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २५ ने सगळ्यांना दिला आहे. मात्र बऱ्याच माध्यमसंस्थांची सोशल मीडियाबाबत स्वतःची नियमावली असते, ती नेमणुकीच्या वेळीच वाचलेली बरी. दुसऱ्याच्या धर्माला कमी लेखणारी पोस्ट मात्र उद्या तुमच्या बातमीसमोर पुरावा म्हणून ठेवली जाईल.

मग सार काय?

मुक्ता साळवेचा निबंध, रमाबाईंचं पत्र, टिळकांचा राजीनामा, दिब्रिटोंचं मासिक. या चारही गोष्टी आपल्याला आठवतात त्या कुणी किती प्रार्थना केली म्हणून नव्हे. प्रार्थना त्यांनी केलीच असेल, पण ती त्यांची त्यांच्यापाशी. वाचकापर्यंत पोचलं ते वेगळंच: दाबलेल्या आवाजाला दिलेली जागा, आपल्याच धर्माच्या सत्तेला विचारलेला जाब, पगारापेक्षा मोठं मानलेलं मत आणि गावच्या पाण्यासाठी घेतलेला धोका.

'ज्ञानोदय'च्या सुरुवातीच्या वादांतून उलटा धडाही मिळतो. श्रद्धा जेव्हा दुसऱ्याला हरवायला निघते, तेव्हा पत्रकारिता प्रचार होते आणि समोरचा वाचक कायमचा दुरावतो. हा धडा फक्त ख्रिस्ती पत्रकारांसाठी नाही. आज वेगवेगळ्या धर्मांच्या नावाने चालणारे यूट्यूब चॅनल पाहिले, तर तो सगळ्यांनाच लागू पडतो.

रविवारची प्रार्थना एखाद्या आठवड्यात हुकली तर पुढच्या आठवड्यात करता येते. चुकीच्या बातमीने गावात एखाद्याचं घर जळलं, तर ते पुढच्या आठवड्यातल्या खुलाशाने उभं राहत नाही. माध्यमात काम करणाऱ्या श्रद्धावान माणसाची रोजची परीक्षा इथे, पब्लिशचं बटण दाबण्याआधीच्या त्या दोन मिनिटांत होते.